मामांचा खोकला

माझ्या मामेसासऱ्यांइतका डॉक्टरांवर अविश्वास असणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि डॉक्टरांसाठी त्यांच्याइतका जीव तोडून भांडणारा वकीलही पाहिलेला नाही. ही दोन माणसं एकाच काळ्या कोटात गुण्यागोविंदाने कशी राहतात, हे कोडं मला लग्नाच्या मांडवातच पडलं. मी बाळंतपणं करणारी डॉक्टर. पण त्या दिवशी नव्या सुनेच्या थाटात वाकून नमस्कार केला. मामांच्या कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर पंचा. "शरणार्थ" म्हणून त्यांनी आशीर्वाद दिला आणि तिथल्या तिथे उलटतपासणी सुरू केली. "तू डाक्टरीण म्हनं. आजवर कुनाचं काय बिघडवलंस का?" मी ताठ मानेने "नाही" म्हटलं. "मंग नवीच हायेस," असं म्हणून ते बुंदी वाढणाऱ्याच्या मागे निघून गेले. मला इतका राग आला की पुढचे सगळे विधी मी दात आवळून केले, आणि फोटोत ते दिसतंय.

मामांच्या घरात सगळे भाऊ बीडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीच्या गादीवर बसायचे. मामा एकटेच गादी सोडून कोर्टात गेले. वर्षानुवर्षं त्यांनी बांधाच्या आणि कुळाच्या भांडणांवर संसार केला. मग ते उघड्या बाजाराचे दिवस आले. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर थंड पेयाच्या परदेशी बाटल्या दिसू लागल्या, गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले, डॉक्टरांनी सोनोग्राफीची यंत्रं आणली आणि त्याच सुमाराला ग्राहक कायदा डॉक्टरांनाही लागू झाला. कालपर्यंत पाया पडणारा पेशंट आज "कागद द्या" म्हणू लागला. जिल्ह्यातले डॉक्टर पार हबकले. एरवी पोट उघडताना ज्यांचा हात हलत नसे, ते नोटिशीचं पाकीट उघडताना बायकोला जवळ बसवून घेऊ लागले. अशा वेळी मामांच्या शेजारचे एक डॉक्टर घाबरून भिंतीवरून उडी मारून त्यांच्याकडे आले, मामांनी त्यांना सोडवलं, आणि तेव्हापासून डॉक्टरांचा वकील म्हणून मामांचं नाव गेवराईपासून परळीपर्यंत झालं.

नाव डॉक्टरांचा वकील, पण औषधावर विश्वास काडीचा नाही. सर्दीला ओवा, तापाला काढा, आणि अगदीच नाइलाज झाला तर गोळी. पण तीही अर्धी. "आर्धी आजाराची, आर्धी डाक्टरच्या अंदाजाची," असं म्हणून उरलेली अर्धी ते खिडकीबाहेर टाकायचे. खिडकीखाली जास्वंद होती. त्या जास्वंदीला उभ्या जन्मात कधी ताप आला नाही, असं मामी सांगायच्या. मामांचं म्हणणं असं की, डॉक्टर हा चांगला माणूस असतो, पण त्याला "माहीत नाही" हे दोन शब्द कुणी शिकवलेले नसतात. ते आपण शिकवायचे, बाकीचं कोर्ट बघून घेतं. हे त्यांनी मला जेवताना सांगितलं, आणि मी चिडून "मला सगळं माहीत असतं असं मी कुठं म्हटलं?" असं विचारल्यावर शेजारी बसलेल्या माझ्या यजमानांकडे नुसतं पाहिलं. यजमान शाळेत गणित शिकवतात. त्यांनी मान खाली घालून भाकरी कुस्करली.

पण मामांचा खरा विक्षिप्तपणा पाहायचा तर तो वकीलपत्र घेण्याआधी. कोणताही डॉक्टर त्यांच्याकडे आला, कितीही मोठा असला, तरी मामा त्याचं ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि "कळवतो" म्हणून वाटेला लावायचे. मग एखाद्या बाजाराच्या दिवशी कोट घरी ठेवून, धोतर नेसून, पंचा गुंडाळून त्या डॉक्टरच्या दवाखान्यात पेशंटच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. डॉक्टर आत, मामा बाहेर, मध्ये पडदा. आतलं ऐकू येतं आणि बाहेरचं तर येतंच. गेवराईच्या एका डॉक्टरांकडे ते असेच "उमापूरहून आलोय, गुडघा धरलाय" म्हणून बसले होते. त्या डॉक्टरांचं एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष असे, त्यामुळे गुडघा पाहताना त्यांनी वर तोंडाकडे पाहिलंच नाही. दुपारपर्यंत मामांनी कुणाचं तरी पोर मांडीवर घेतलं होतं, कुणाची लघवीची बाटली धरली होती, आणि नंबर आल्यावर सोंग उघडं पडू नये म्हणून ठणठणीत गुडघ्यात एक इंजेक्शनही घेतलं होतं. घरी लंगडत आले आणि मामींना म्हणाले, "वकीलपत्र घेतो. सुई लई दुखली, पन मानसानं गुडघ्याला हात लावून बघितला. हात न लावता सुई देनाऱ्याची केस मी घेत न्हाई." गेवराईच्या डॉक्टरांना हे आजवर कळलेलं नाही. त्यांनी हे वाचलं तर मामांच्या वतीने मीच त्यांची क्षमा मागते, आणि गुडघा तेव्हापासून खरंच दुखायचा हेही कळवते.

वकीलपत्र घेतलं की तालीम. ती मामांच्या माजघरात व्हायची. न्यायाधीश किंवा डॉक्टरांच्या संघटनेच्या समितीचे अध्यक्ष, जे काय असेल ते, मामी व्हायच्या. मामी डाळ निवडत बसायच्या, मामा प्रश्न विचारायचे आणि डॉक्टरांनी मामींकडे बघून उत्तर द्यायचं. मामींना डुलकी लागली की उत्तर लांबलं, असा हिशेब. एकदा आष्टीकडचे एक डॉक्टर नाव सांगता सांगता सुवर्णपदकापर्यंत पोचले तेव्हा मामी घोरायलाच लागल्या होत्या. "साहेब," मामा त्यांना म्हणाले, "तुमचं नाव इचारलं. पदक इचारलं न्हाई. नाव सांगायचं आन पानी प्यायचं." हा "पाणी प्या" मंत्र ते सगळ्यांना द्यायचे. घोट घेतोय तोवर जीभ गप्प बसते, एवढंच त्यातलं शास्त्र. पुढे याच डॉक्टरांनी खऱ्या सुनावणीत मंत्र इतका मनावर घेतला की निम्म्या वाटेत हात वर करून त्यांना बाहेर जावं लागलं. ते परत येईपर्यंत समोरच्या वकिलाच्या प्रश्नाचा जोर ओसरला, आणि मामा हेही आपल्याच शास्त्राचं यश धरायचे.

तर हे सगळं मी अनेक वर्षं हसत बघत होते, कारण ते दुसऱ्यांचं होतं. मग एक दिवस नोटीस माझ्याच दारात आली.

झालं होतं ते असं. तेलगावला माझा लहानसा दवाखाना, त्याच्या मागे ऑपरेशनची खोली. भूल द्यायला डॉक्टर बाहेरून यायचे. गावात तेव्हा भूलतज्ज्ञ कुठला असायला. त्या दिवशी भर दुपारी एक बाळंतीण आली आणि तपासते तर बाळाच्या आधी नाळ बाहेर आलेली. अशा वेळी नाळेवर डोक्याचा दाब पडला की बाळाचा श्वासच तुटतो. हातात असतात ती काही मिनिटं. सिस्टरने आत हात घालून बाळाचं डोकं वर लोटून धरलं आणि मी फोनकडे धावले. तर फोन आपणहून वाजला. पलीकडे आमचे भूलतज्ज्ञ, त्या दुपारच्या एका ठरलेल्या ऑपरेशनसाठी माझ्याकडेच यायला निघालेले, मांजरसुंब्याच्या एका ढाब्याशेजारच्या बूथवरून. "मॅडम, रास्ता रोको आहे. ट्रॉल्या आडव्या लावल्यात. मला हलता येत नाही," एवढं बोलले आणि लाइन गेली. आंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर वाटेतच सगळं संपलं असतं. शिकताना मी पाठीतून भूल द्यायला शिकले होते, पुष्कळदा दिलीही होती. मी सुई घेतली, भूल मीच दिली, सिझेरियन मीच केलं. पोरगी रडली. आई हसली आणि मग तीही रडली. माझ्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली होती.

पण बीडच्या एका मोठ्या सर्जननी संघटनेकडे तक्रार केली. त्यांच्या नव्या हॉस्पिटलात जिल्ह्यातली पहिली लिफ्ट होती, म्हणून आम्ही सगळे त्यांना लिफ्टवाले डॉक्टर म्हणायचो. भूलतज्ज्ञाशिवाय शस्त्रक्रिया करणं धोक्याचं आहे, अशा ठिकाणचं ऑपरेशन थिएटर बंद व्हावं, असं त्यांचं म्हणणं. आता संघटनेने अशा गोष्टींसाठी समिती नेमलेली होती. डॉक्टरांच्या कामाची तपासणी डॉक्टरांनीच करायची. कल्पना चांगली आहे. पण आपल्याच धंद्यातल्या माणसांपुढे उभं राहणं न्यायाधीशापुढे उभं राहण्यापेक्षा अवघड. न्यायाधीशाला आपल्यापेक्षा कमी कळतं, अशी निदान मनाची समजूत घालता येते. समितीने "बंद" म्हटलं असतं तर कुठलाही भूलतज्ज्ञ माझ्याकडे पाऊल ठेवणार नव्हता, आणि माझी ती मागची खोली सामान ठेवायची झाली असती. आसपासच्या गावांतल्या अडलेल्या बायांनी मग कुठं जायचं, याचं उत्तर तक्रारीत नव्हतं.

मामांना मी फोन केला. मला वाटलं, घरची सून म्हणून आज तरी सरळ "येतो" म्हणतील. "कळवतो," मामा म्हणाले. दोन-चार दिवसांनी बघते तर माझ्या दवाखान्याच्या बाकड्यावर धोतर नेसून मामा. मी ओळख दाखवायची नाही, असा डोळ्यांनी हुकूम झाला. सकाळभर ते बसून होते. माझे सगळे पेशंट त्यांना पान, तंबाखू आणि माझ्याबद्दलची माहिती पुरवत होते. शेवटी आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तू लई रागावतीस म्हनं. एक म्हातारी म्हनली, गोळ्या चुकवल्या की ही बाई चपलेवरच येती."

"मग? चुकवायच्या कावून?" मी म्हटलं.

"चांगलंच हाय," मामा म्हणाले. "ज्या डाक्टरला पेशंटचं काय पडलेलं नसतं, त्यो गोड बोलतो. वकीलपत्र आन इकडं." मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि मी पुढच्या पेशंटला विनाकारण रागावले.

तालमीत मी नापास झाले. मामांच्या सगळ्या शिष्यांत मी सर्वांत वाईट. लिफ्टवाल्या डॉक्टरांचं नाव निघालं की माझा आवाज चढायचा, आणि एकदा चढला की मला नळासारखा बंद करता येत नाही. मामी माझ्या उत्तरांना झोपायच्या नाहीत, उलट डाळ बाजूला सारून ऐकत बसायच्या, आणि "आवो, खरं बोलतीय पोरगी, बोलू द्या की," असं अध्यक्षांनी बोलू नये ते बोलायच्या. त्यातून समितीचा नियम असा की, वकिलाने शेजारी बसायला हरकत नाही, पण तोंड उघडायचं नाही. ज्या माणसाने झोपेतसुद्धा युक्तिवाद केल्याचं मामी सांगतात, त्याला गप्प बसायचं होतं. तेव्हा मामांनी खोकल्याची युक्ती काढली. एकदा खोकले की मी थांबायचं. दोनदा खोकले की पाणी प्यायचं. लागोपाठ खोकले तर मी भलतीकडे चालले आहे, परत फिरायचं. सगळं ठरलं, पाठ झालं. कोर्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाने सगळा विचार केला होता. फक्त आपण कुणासमोर खोकणार आहोत, एवढाच केला नव्हता.

सुनावणी बीडला एका हॉस्पिटलच्या वरच्या हॉलमध्ये होती. लांब टेबलापलीकडे समिती. मध्ये अध्यक्ष, सगळ्या जिल्ह्याने ज्यांना नाडी दाखवली असे वयस्क फिजिशियन. एका बाजूला छातीचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कान-नाक-घशाचे. टेबलाच्या टोकाला तक्रारदार म्हणून लिफ्टवाले डॉक्टर. अलीकडे मी आणि माझ्या शेजारी इस्त्रीच्या कोटात, ओठ घट्ट मिटलेले मामा. अध्यक्षांनी नाव विचारलं, मी नाव सांगितलं आणि पुढे काही जोडणार तोच मामा खोकले. मी थांबले. "भूल तुम्ही दिलीत?" "हो." मामा दोनदा खोकले, मी पाणी प्यायले. अगदी तालमीपेक्षा बरं चाललं होतं. छातीचे डॉक्टर मात्र माझ्याकडे न बघता मामांकडे बघत होते, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मग लिफ्टवाल्या डॉक्टरांनी विचारलं, "भूलतज्ज्ञाशिवाय भूल देणं धोक्याचं असतं, हे आपल्याला शिकवलं होतं का?" झालं. तो "शिकवलं होतं का" माझ्या डोक्यात गेला. "सर," मी सुरू केलं, "लिफ्टमध्ये उभं राहून खालचं दिसत नाही..." मामा खोकले. मी बोलत राहिले. मामा लागोपाठ खोकले. मी तेलगावहून आंबाजोगाईपर्यंतचा रस्ता खड्ड्यांसकट सांगायला घेतला. मामा इतके खोकले की त्यांना खरोखरीच ठसका लागला, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि छातीच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हा खोकला कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

मामांनी नियमाप्रमाणे ओठांवर बोट ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, "वकील म्हणून बोलू नका. पण पेशंट म्हणून विचारलं तर सांगायला हवं." मामांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी जन्मात विसरणार नाही.

"साहेब," मामा म्हणाले, "ज्या दिवशी मांजरसुंब्याला रास्ता रोको व्हता ना, त्या दिवसापासून हाय. धूळ लई, धूर लई. गाड्या घंटा-घंटा हलंनात. आपले भूलवाले डाक्टर बी तिथंच अडकलेले."

"खोकल्याचं सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"तेच सांगतोय, साहेब. कवा कवा असा उसळतो की जीव जातो का राहतो. मंग इचार करतो, आंबाजोगाईला जावं का? पन वाटंतच काय झालं म्हंजी? तेलगावात हाय त्या डाक्टरनं जमंल ते करावं, का मोठा डाक्टर येईस्तोवर मला तसंच ठिवावं?"

"दिवसा जास्त असतो की पहाटे?" छातीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"दुपारी. बाई अडली व्हती त्या टायमाला."

कान-नाक-घशाचे डॉक्टर हसले. पण थांबवणार कसं? पेशंट सांगत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे टेबलापलीकडच्या प्रत्येकाने उभा जन्म विद्यार्थ्यांना शिकवलेलं. मामा त्या दिवशी बीडच्या कोर्टात होते आणि मांजरसुंब्याला गेले नव्हते, हे मला माहीत होतं. मी पाणी प्यायले.

मग मामांचा कोट उतरला, शर्ट उतरला, आणि समितीच्याच टेबलावर कागद बाजूला सारून त्यांना झोपवलं. छातीचे डॉक्टर म्हणाले, दमा. कान-नाक-घशाचे म्हणाले, पडजीभ लांब आहे, सगळं मूळ तिथं. लिफ्टवाले डॉक्टर बराच वेळ लांबून बघत होते. शेवटी सर्जनला राहवेना. उठून आले, मामांना उभं करून पुन्हा खोकायला लावलं, ओटीपोटावर बोटं ठेवली आणि हर्निया असण्याची शक्यता जाहीर केली. "एका खोकल्यात तुमी माझं सगळं आंग वाटून घेतलं की," मामा म्हणाले. तिघांचा वाद रंगला. चहा आला. मी आरोपीच्या खुर्चीवर बसून होते आणि माझी कुणाला आठवणही नव्हती.

अध्यक्ष तेवढे काही बोलले नव्हते. ते उठले, स्टेथोस्कोप मामांच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. जागा बदलली, पुन्हा ऐकलं. मग त्यांनी कानातून स्टेथोस्कोप काढला आणि टेबलावरून माझ्याकडे धरला. "मॅडम, तुम्ही ऐका," ते म्हणाले.

मी ऐकलं. मामांच्या हृदयाच्या ठोक्यांमध्ये, जिथं शांतता असायला हवी तिथं, वारा फटीतून निघावा तसा आवाज होता. "झडप गळतेय, सर," मी म्हटलं. "मलाही तसंच वाटतं," अध्यक्ष म्हणाले. ज्या बाईला ऑपरेशन करू द्यावं की नाही हे ठरवायला ते बसले होते, तिलाच त्यांनी सगळ्यांदेखत सल्ला विचारला होता. माझा सगळा राग त्या क्षणी कुठं गेला मला कळलं नाही. तालमीतलं एकही उत्तर मला आठवेना. मी लिफ्टवाल्या डॉक्टरांकडे वळले आणि हळूच विचारलं, "सर, मामा आत्ता इथं कोसळले असते आणि हृदयाचे डॉक्टर मांजरसुंब्याला अडकले असते, तर आपण काय केलं असतं?"

ते म्हणाले, "आम्हाला जे येतं ते केलं असतं. पण ते वाचले नसते तर?" प्रश्न खरा होता, आणि त्यांनी तो मला पाडण्यासाठी विचारलेला नव्हता.

"तर मी याच खुर्चीवर असते, सर. फक्त रडत असते."

मामा उघड्या अंगाने टेबलावर बसून होते. त्यांनी या वेळी मला थांबवलं नाही.

निकाल त्याच संध्याकाळी सांगितला. माझं थिएटर चालू राहणार. केलं ते त्या परिस्थितीत योग्य होतं. पण पुन्हा एकटीवर ही वेळ येऊ नये म्हणून जवळच्या आणखी एका डॉक्टरला भूल द्यायला शिकवायचं, आणि जिल्ह्यातल्या भूलतज्ज्ञांनी आळीपाळीने एक जण आमच्या भागात ठेवायचा. शिकवायची तयारी कुणी दाखवली, तर लिफ्टवाल्या डॉक्टरांनी, आपल्या हॉस्पिटलात. माणूस वाईट नव्हताच, मलाच लिफ्ट खुपत होती. निकालाचं शेवटचं वाक्य मात्र असं होतं की, डॉक्टरांच्या वकिलांनी आठवड्याच्या आत हृदयाची तपासणी करून घ्यावी. जिना उतरताना मामा धुमसत होते. "सगळी हयात कोर्टात गेली, आन शर्ट काढून केस जिंकायची पाळी आली," ते म्हणाले. मग मधल्या पायरीवर थांबले. "त्ये आवाजाचं खरंच हाय का, का माझं सोंग झाकायला काढलंत?"

"खरंच आहे, मामा."

"बघ," मामा म्हणाले, "खोटं खोकायला गेलतो, खरं निघालं." आणि पायरीवर बसून खो-खो हसले. मी त्यांच्या शेजारी बसले, पण मला हसता येईना.

पुढे मामांना मी पुष्कळ वर्षं सांभाळलं. ऑपरेशनला त्यांनी साफ नकार दिला. गोळ्या घेतल्या, पण अर्ध्या. दटावून, रागावून, मामींना पहाऱ्यावर बसवूनही अर्ध्याच. शेवटी मी मामींना विश्वासात घेऊन दुप्पट ताकदीच्या गोळ्या लिहून द्यायला लागले, म्हणजे अर्धी पोटात गेली की हिशेब बरोबर. मामांची तब्येत सुधारली. "बघितलंस, आर्ध्या गोळीवर चाललंय," असं ते येईल त्या डॉक्टरला ऐकवायचे, आणि मामी आत तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग पायांवर सूज यायला लागली, दम लागायला लागला. त्या वर्षी ते एकदा तेलगावला आले, दोन दिवस राहिले, आणि निघायच्या दिवशी म्हणाले, "तुझं थेटर दाखव की." तेव्हा मला आठवलं की, ज्या खोलीसाठी ते एवढं भांडले ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. रक्ताची त्यांना भीती. मागच्या दाराकडे ते कधी फिरकत नसत. मी त्यांना आतल्या चपला दिल्या, डोक्याला टोपी बांधली. दारात उभे राहून त्यांनी सगळीकडे पाहिलं. एक टेबल, वर एक दिवा, कोपऱ्यात सिलिंडर, भिंतीला पांढऱ्या फरशा. "एवढीच खोली हाय का?" ते म्हणाले.

"एवढीच, मामा."

ते आत आले. टेबलाच्या कडेला हात टेकून दम खात उभे राहिले. "ती बाई इथंच व्हती?" "इथंच." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुला भ्या वाटलं व्हतं का?"

समितीने मला पुष्कळ विचारलं होतं. मामांच्या माजघरात तर त्याहून जास्त. हे कुणीच विचारलं नव्हतं. "लई," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू आलं. तेव्हा आलं नव्हतं ते सगळं आलं.

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं तवा मी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "तू समितीपुढं बी खरंच सांगितलं असतंस."

त्या पावसाळ्यात मामा गेले. माझी ती खोली अजून चालू आहे. किती पोरं तिथं पहिल्यांदा रडली, त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही. सुई हातात घेतली की आजही आधी भीती वाटते. मी ती कुणाला सांगत नाही, आणि तसं विचारणारं माणूसही आता राहिलेलं नाही.